निळ्या बॉम्बांची सव्वीस वर्षं

८ मे २००१, मंगळवार

आयल्सा,

फोन केला की तुझी बहीण सांगते, आयल्सा आईला आंघोळ घालतेय. दिवसातून किती वेळा आंघोळ घालता त्या म्हातारीला? तेव्हा आता लिहितोच. वाचायचं तर वाच, नाहीतर चूल पेटवायला घे.

आज सरकारनं आपली लढाऊ विमानं बंद केली. एखादं जुनं झालं म्हणून नव्हे, सगळीच्या सगळी. डिसेंबरनंतर या देशाकडे एकही लढाऊ जेट असणार नाही. मालवाहू विमानं राहतील, समुद्रावर टेहळणी करणारी राहतील, आणि आम्ही जायचं.

ऐकलं तेव्हा मी विमानाखाली होतो. दुपारच्या सरावाला सहा बॉम्ब लटकवायचे होते, तेच आपले निळे, सरावाचे. चार लागले होते. माझ्या हाताखालचा होहेपा पाचवा खांद्यावर घेऊन उभा होता, आणि कुणीतरी कॅन्टीनमधून ओरडत आला की टीव्हीवर सांगतायत. आम्ही सगळे धावलो. होहेपा बॉम्ब खांद्यावर घेऊनच धावला, आणि कुणीही त्याला हटकलं नाही. एरवी एवढ्यावर मी त्याची सालटी काढली असती. टीव्हीवर जे काय सांगायचं ते दोन मिनिटांत सांगून झालं, मग लोकरीचे भाव सुरू झाले. आम्ही वीस-बावीस माणसं लोकरीचे भाव ऐकत उभे होतो.

मग काय करायचं हे कुणालाच सुचेना. मी म्हटलं, दोन राहिलेत, चला. आम्ही उरलेले दोन लटकवले, सुरक्षेच्या पिना काढल्या, आणि ब्रेंट ते विमान घेऊन गेला. वेळेवर गेला, वाळूच्या पट्ट्यात सहाही टाकले, वेळेवर आला. उतरला तेव्हा त्याचं तोंड कणकेच्या गोळ्यासारखं पांढरं होतं. मला म्हणाला, "डॅड, हे खरंय?" सव्वीस वर्षांचा घोडा, पण असं विचारलं की मला तो पाच वर्षांचाच वाटला.

कुणीतरी वाटेत अडवून थोबाडीत मारावी आणि काही न बोलता निघून जावं, तसं झालंय. तुझ्याशिवाय हे सांगायला माणूस नाही, म्हणून तुला सांगतोय.

डेस

१७ जून २००१

आयल्सा,

तुझं कार्ड मिळालं. सोळा महिन्यांत पहिलं. त्यावर चार ओळी, आणि पहिली ओळ "बरं झालं." वा! तुझी आई पडली म्हणून सहा आठवड्यांसाठी गेलीस ती परत आली नाहीस, आणि आता माझी भाकरी गेली तर बरं झालं.

तू जाताना म्हणाली होतीस, या घरात विमानं आधी जेवतात आणि माणसं मागून. ते मी ऐकून घेतलं. त्यात थोडं तथ्य असेल. पण "माणसं मारायची यंत्रं गेली" असं लिहितेस तेव्हा मात्र माझं टाळकं सरकतं. कुणाला मारलं आम्ही? सांग एक नाव. सव्वीस वर्षं मी त्या विमानांच्या पोटाखाली वाकलोय, पाठीचा कणा कमानीसारखा झालाय. माझ्या हातून गेलेले बॉम्ब सगळे वाळूत पडले. निळे पडले की धूर सोडतात, बस. कधीमधी खरे मिळायचे, तेही निर्जन खडकावर टाकायला. एवढ्या वर्षांत एकच जीव गेला, पट्ट्याशेजारच्या फेन्विकचा मेंढा, आणि तो स्वतःच कुंपण फोडून आत शिरला होता. फेन्विक काही बोलला नाही, उलट मेंढा भाजून आम्हालाच जेवायला बोलावलं. तूही होतीस. दोनदा घेतलंस.

आमच्यासाठी लढाऊ विमान म्हणजे काय, हे तुला कधी कळलंच नाही. ते उडायला असतं. खालून बघायला असतं. ब्रेंट पहिल्यांदा एकटा सरावाला गेला तेव्हा मी बॉम्बवर खडूनं लिहिलं होतं, "बाबाकडून वाळूला, सप्रेम." सगळा हँगर हसला होता. यात मारणं कुठे आलं?

तुझी चौथी ओळ मात्र वाचली आणि नीट वाचली. ब्रेंटला प्रवासी विमानांकडे वळव, एवढं एकच माझ्यासाठी कर, असं तू लिहिलंयस. तुझ्यासमोर तो हो म्हणतो आणि माझ्यासमोर गप्प बसतो, हेही तुझं खरं आहे. ठीक आहे. त्यानं अर्ज केलेत, पाच की सहा कंपन्यांना. संपर्कासाठी आपल्या घरचा नंबर दिलाय. मी आड येणार नाही. शब्द देतो.

पण मनातलं सांगू? आठशे किलोमीटरच्या वेगानं डोंगराच्या कुशीतून जाणारा पोरगा पुढे एकोणीस म्हाताऱ्यांना घेऊन उडणार, त्यांच्या टोप्या नि स्कोन-बिस्किटं सांभाळणार. असो. शब्द दिलाय.

डेस

२ नोव्हेंबर २००१

आयल्सा,

ब्रेंटनं तुला फोन केला असेल, तेव्हा बातमी जुनी झाली असेल. त्यानं परक्या हवाई दलाशी करार केला. आठ वर्षांचा. इथले बरेच वैमानिक तिकडेच चाललेत. त्यांना तयार माणसं मिळतात, फुकटात शिकवून ठेवलेली. जानेवारीत निघेल.

तू विचारतेस, कंपन्यांचं काय झालं. काय होणार? सप्टेंबरात अमेरिकेत जे झालं त्यानंतर सगळ्या विमान कंपन्या आडव्या झाल्यात. आपली मोठी कंपनीसुद्धा बुडता बुडता वाचली. असल्या दिवसांत नव्या वैमानिकाला कोण दारात उभं करणार? एकाही ठिकाणाहून फोन आला नाही. मी घरीच असायचो, सुट्ट्या संपवत होतो. फोन माझ्या हाताशीच होता. एकदा क्लबातून आला, मांसाच्या सोडतीत मला मेंढीची तंगडी लागली म्हणून. एकदा लाकूडवाल्याचा. एकदा तुझ्या बहिणीचा, चुकून लागला म्हणाली आणि ठेवला. बस, एवढेच.

पोरगा खूश आहे. म्हणजे बोलत नाही फार, पण खूश असणारच. जगातली उत्तम विमानं आहेत तिकडे. मला त्यांची चित्रं दाखवली. पंखाखाली केवढी जागा, आयल्सा! माझ्या वेळी असं काही असतं तर पाठ अशी झाली नसती.

तिथे धोका काही नाही. तिकडेही सरावच करतात, फक्त वाळू मोठी.

डेस

३ फेब्रुवारी २००२

आयल्सा,

वेलिंग्टनच्या विमानतळावर आपण दोन वर्षांनी भेटलो आणि तू माझ्याशी फक्त दोन वाक्यं बोललीस. पहिलं, "बारीक झालास." दुसरं, ब्रेंट आत गेल्यावर. माझ्या कोटाची बाही धरून तू विचारलंस, "डेस, त्याला खरंच कुणी बोलावलं नाही?" मी नाही म्हणालो. तू बराच वेळ माझ्याकडे बघत होतीस, आणि मी त्या कॉफीच्या दुकानाकडे.

डिसेंबरात तू आली नाहीस, म्हणून शेवटच्या दिवसाचं सांगतो. सगळी विमानं एकत्र उडाली. रस्त्यांच्या कडेला गाड्या लावून लोक उभे होते, शाळेतली पोरं, गोठ्यातून गमबूट घालून तसेच आलेले शेतकरी. फेन्विक आला होता, काळा कोट घालून. एकेक विमान उतरलं, एकेकाचं इंजिन बंद झालं. शेवटच्या इंजिनाची घरघर थांबली तेव्हा जी शांतता झाली, तिला मी घाबरलो. खरंच सांगतो. होहेपानं विमानाच्या नाकावर तळहात ठेवून त्याच्या माओरी भाषेत प्रार्थना म्हटली, जशी माणसाच्या मयताला म्हणतात. मोठे मोठे साहेब मान खाली घालून उभे होते. मी पिना बसवत सुटलो. पंखाखाली काहीच लटकलेलं नव्हतं, तरी बसवल्या. कुणीतरी मला खांद्याला धरून बाहेर आणलं.

मला ठेवून घेतलंय. विमानं विकायची आहेत, तोवर शेडमध्ये नीट राहिली पाहिजेत. मी आणि आणखी आठ जण. रोज त्यांना दमट हवा लागत नाही ना ते बघायचं, टायर थोडे फिरवायचे. गिऱ्हाईक नाही. होहेपा गेला, दुधाच्या कारखान्यात लागला. म्हणतो, डेस, दुधाला पिना लागत नाहीत.

घर फार मोठं झालंय.

डेस

३० मार्च २००३

आयल्सा,

टीव्ही बघतेस ना? मी बंदच करत नाही. युद्ध लागल्यापासून दहा दिवस झाले, मी खुर्चीत बसून जेवतो आणि खुर्चीतच झोपतो. वाळवंट, धूर, आणि वरून घेतलेली ती करडी चित्रं. बातमी देणारा माणूस इतक्या उत्साहात बोलतो की त्याला रग्बीच्या सामन्यावर पाठवावं.

ब्रेंटची तुकडी तिथेच आहे. त्यानं मला आधी सांगितलं नव्हतं, आणि तुलाही नाही हे मला तुझ्या बहिणीकडून कळलं. तो गेला तेव्हा हे काही नव्हतं. मी तुला लिहिलं होतं की तिकडेही सरावच. मला खरंच तसं वाटत होतं, आयल्सा. मूर्ख म्हण. ज्या माणसानं सव्वीस वर्षं बॉम्ब हाताळले, त्याला बॉम्ब म्हणजे काय हे कळू नये? पण कसं कळणार? आमच्याकडे कुणाला कळत होतं? आम्ही त्यांच्यावर विनोद लिहायचो.

आपल्या देशानं या युद्धात विमानं पाठवली नाहीत. पाठवायला आहेत कुठे? ती माझ्याकडे शेडमध्ये आहेत, टायरवर उभी. परवा त्यातल्या एकाखाली जाऊन बसलो. विमानं राहिली असती तर पोरगा आज इथे वाळूत निळे बॉम्ब टाकून चहाला घरी आला असता. आपण लढायचं नाही म्हणून विमानं सोडली, आणि त्यापायी माझाच पोरगा लढतोय. हे कुणाला सांगू? क्लबात सांगितलं तर सगळे बियरकडे बघायला लागले.

त्याचा काही निरोप आला तर कळव. माझ्याकडे काही नाही. तू नाही बोललीस तरी चालेल, बहिणीला सांगायला सांग.

डेस

१९ एप्रिल २००३

आयल्सा,

आज सकाळी आठ वाजता ब्रेंटचा फोन आला. जिवंत आहे, धड आहे, हातपाय शाबूत आहेत. हे आधी लिहितो म्हणजे तू पुढचं नीट वाचशील.

आवाज लांबून यायचा आणि मध्येच थांबायचा. मी वेड्यासारखं विमानाबद्दलच विचारलं, पंखाखाली किती लटकवतात, किती माणसं लागतात. तोही सांगत गेला. बॉम्ब लावणारा एक जण तिथेही खडूनं काहीबाही लिहितो म्हणाला. पहिल्या दिवशी ब्रेंट ते वाचून हसला. आठव्या दिवशी त्यानं त्या माणसाला सांगितलं, माझ्या विमानावर लिहू नकोस.

का, असं मी विचारलं.

मग तो म्हणाला, "आपले नुसता धूर सोडायचे. हे फुटतात, डॅड."

मग त्यानं मला सांगितलं. तीन ट्रक होते, सैनिकांचे. काही चुकलं नव्हतं, जे टाकायचं तेच टाकलं, जिथे टाकायचं तिथेच. वरून पडद्यावर दिसतं सगळं. मधल्या ट्रकमधून माणसं उतरून पळाली, चार-पाच. त्यातला एक परत फिरला, कुणाला तरी उतरवायला. ब्रेंट म्हणाला, तो परत फिरल्यावर मला मोजता आलं, बॉम्ब पडायला नऊ सेकंद उरले होते. परत आल्यावर सगळ्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याला उलटी झाली, ती त्यानं हेल्मेटच्या पिशवीत केली, कुणाला दिसू नये म्हणून.

मी काय बोललो असेन? मी म्हणालो, नीट जेवतोस ना. आयल्सा, मी असं म्हणालो. तो हो म्हणाला.

शेवटी तो म्हणाला, "त्या वर्षी एखाद्या कंपनीनं नुसतं बोलावलं असतं ना, तर मी गेलो असतो. तुला वाईट वाटलं असतं, पण गेलो असतो." आणि मी, सव्वीस वर्षं बॉम्ब लटकवणारा मर्द, फोन कानाला लावून गप्प बसलो.

आता लिहितो. माझ्याच्यानं हे दुसऱ्यांदा लिहिणं होणार नाही, तेव्हा एकदाच वाच.

कंपनीचा फोन आला होता. २००१ च्या ऑक्टोबरात, ब्रेंट गावात गेला असताना. छोटी कंपनी, उत्तरेकडच्या गावांना जाणारी. बाई फार चांगली बोलली. म्हणाली, या दिवसांत आम्ही एकच माणूस घेतोय आणि त्याचे कागद आम्हाला आवडले. दिवस सांगितला, वेळ सांगितली, मुलाखतीला ऑकलंडला यायचं, आणि येतो असं उलट फोन करून कळवायचं. मी सगळं पाकिटाच्या पाठीवर लिहून घेतलं. पुन्हा वाचून दाखवलं तिला. तो आला की लगेच सांगतो म्हणालो. ठेवताना मला त्याच म्हाताऱ्या दिसल्या, टोप्या घातलेल्या, आणि मला इतका राग आला की ते पाकीट मी शेगडीत घातलं. विसरलो नव्हतो. हरवलं नव्हतं. हातानं घातलं आणि दार लावलं.

दोन दिवसांनी ती पुन्हा विचारेल म्हणून मी फोनजवळ बसून होतो. आला असता तर कदाचित सांगितलं असतं. नाही आला. ब्रेंटनं त्या आठवड्यात तीनदा विचारलं, कुणाचा फोन? तिन्ही वेळा नाही म्हणालो. तुला पत्रात नाही लिहिलं, मांसाच्या सोडतीसकट. विमानतळावर तुझ्या तोंडावर नाही म्हणालो.

का केलं ते मला माहीत आहे, आणि ते तुझ्या चार ओळींपेक्षाही छोटं आहे. माझं सगळं जाणार होतं. पोरगा जेटमध्ये राहिला असता तर माझं थोडं राहिलं असतं. त्याला परक्यांच्या युद्धात ढकलताना मला वाटलं, मी त्याला वाचवतोय.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा फोन करणार आहे. मी त्याला सांगणार. आधी तुला सांगितलं, कारण त्यानं तुला फोन केला तर तुला माहीत असावं.

डेस

२६ एप्रिल २००३, शनिवार

आयल्सा,

सांगितलं.

तुझी चिठ्ठी परवा आली. "लपवू नकोस, सगळं सांग." तुझ्याकडून शिव्या येतील असं वाटलं होतं. त्या आल्या असत्या तर बरं होतं.

काल अॅन्झॅक डे होता, युद्धात गेलेल्यांच्या आठवणीचा. मी पदकं लावून उजाडायच्या आधी स्मारकापाशी गेलो, दरवर्षीसारखा. बिगूल वाजला, आणि पहिल्यांदाच मला रांगेत उभं राहता येईना. होहेपा शेजारी होता. त्याला मी सगळं सांगितलं. त्यानं ऐकलं आणि म्हणाला, "उद्या सांगताना फक्त झालेलं सांग. का केलं ते त्यानं विचारल्याशिवाय सांगू नकोस. का-बिका तुझं तुझ्याजवळ." म्हणून तसंच केलं.

सकाळी आठला फोन आला. मी त्याला बोलूच दिलं नाही, आधी तेच सांगितलं. कंपनीचा फोन आला होता, मी लिहून घेतलं होतं, मी जाळलं. तीन वाक्यं.

तो ओरडला नाही. मी फोन कानापासून थोडा लांब धरला होता, ओरडेल म्हणून. त्यानं का केलंस असंही विचारलं नाही. मी मनात सगळं जुळवून ठेवलं होतं, विचारलं असतं तर सांगितलं असतं. त्यानं एकच विचारलं.

"मुलाखतीची तारीख कुठली होती?"

"चोवीस," मी म्हणालो. "ऑक्टोबरची चोवीस, बुधवार. सकाळी दहा."

तिकडे कुणीतरी हसत होतं मागे, भांडी वाजत होती. जेवणाची जागा असेल. तो विचार करत होता. माझा पोरगा लहानपणापासून असाच, आधी मनात मोजतो.

"बुधवारी मी घरीच होतो, डॅड," तो म्हणाला. "दिवसभर आपण लाकडं फोडत होतो."

डेस